‘जातो’ आणि ‘गोझ’ : इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ

१. हा ‘एस’ एकट्यालाच का?

‘आय गो’, ‘यू गो’, ‘वी गो’, ‘दे गो’ आणि मग मध्येच ‘ही गोझ’. इंग्रजी शिकायला बसलेला मराठी माणूस, मग तो शाळकरी मुलगा असो की चाळिशीतला दुकानदार, इथे हमखास अडतो. ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ यांत मराठीला काही फरक करावा लागत नाही, मग इंग्रजीला का करावा लागतो? आणि करायचाच तर शेवटचा ‘एस’ फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांनाच का?

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. तरीही ‘शी गो’, ‘माय फादर वर्क’, ‘ही डझ नॉट गोझ’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. यात शिकणाऱ्याच्या बुद्धीचा दोष नाही. मराठीचा वर्तमानकाळ एका घडणीचा आहे, इंग्रजीचा दुसऱ्या, आणि एका घडणीची सवय नकळत दुसरीत उतरते. मात्र दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजीचे जे नियम परके वाटतात, त्यांतले काही मराठी माणूस आपल्या भाषेत रोज पाळत असतो.

पुढे इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला ‘झ’ हा ‘झाड’ या शब्दातल्या ‘झ’सारखा वाचावा.

२. मराठी क्रियापद बोलके, इंग्रजी अबोल

‘जातेस का?’ एवढे दोनच शब्द कानावर पडले, तरी बरेच काही कळते. समोर एकच व्यक्ती आहे, ती स्त्री आहे आणि बोलणारा तिला ‘तू’ म्हणतो आहे. मराठीत वर्तमानकाळी क्रियापद पुरुष सांगते, वचन सांगते आणि पुष्कळदा लिंगही सांगते :

मी जातो, मी जाते
तू जातोस, तू जातेस
तो जातो, ती जाते
आम्ही जातो, तुम्ही जाता
ते जातात, त्या जातात

क्रियापदात लिंग आले, कारण ‘जातो’ हे रूप संस्कृतातल्या धातुसाधित विशेषणाच्या वळणावरून आले आहे. विशेषण जसे नामाप्रमाणे बदलते, तसे तेही बदलते. इंग्रजी क्रियापद लिंगाची दखलच घेत नाही. पुरुष असो, स्त्री असो की बस, ‘ही गोझ’, ‘शी गोझ’, ‘इट गोझ’ असे एकच रूप चालते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिघांना मिळून एकच ‘यू’ आहे. पाठ करायची रूपे त्यामुळे दोनच उरतात.

क्रियापद अबोल असले की त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मराठीत ‘नाशिकला राहतो’ म्हटले की पुरे. ‘मी’ किंवा ‘तो’ संदर्भाने कळतो. इंग्रजीत नुसते ‘लिव्ह इन नाशिक’ म्हटले तर ‘नाशिकला राहा’ असा हुकूम होतो. म्हणून कर्ता गाळायचा नाही, हा इंग्रजी वाक्याचा पहिला नियम.

३. दोन रूपे आणि डोकी मोजण्याची खूण

साध्या वर्तमानकाळात क्रियापदाची दोन रूपे असतात.

पहिले मूळ रूप. ते ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ आणि सर्व अनेकवचनी नामांबरोबर येते : आय वर्क, यू वर्क, वी वर्क, दे वर्क, फार्मर्झ वर्क.

दुसरे शेवटी एस असलेले रूप. ते ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि सर्व एकवचनी नामांबरोबर येते : ही वर्क्स, शी वर्क्स, इट वर्क्स, द फार्मर वर्क्स.

‘एस’ फक्त इथेच का, याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक पुरुषाला वेगळा प्रत्यय होता. ‘तू’साठी ‘दाउ’ हे सर्वनाम होते आणि ‘तू जातोस’ याला ‘दाउ गोएस्ट’ म्हणत. ‘जातोस’मध्ये जिथे ‘स’ येतो, तिथेच इंग्रजीतही ‘स्’चा ध्वनी होता. ‘तो जातो’ याला ‘ही गोएथ’ म्हणत. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये ही रूपे सर्वत्र दिसतात. पुढे ‘दाउ’ मागे पडले आणि त्याबरोबर त्याचा प्रत्ययही गेला. ‘गोएथ’ची जागा इंग्लंडच्या उत्तर भागातून आलेल्या ‘गोझ’ने घेतली. जुना वाडा पडावा आणि एकच खांब उभा राहावा, तसा हा ‘एस’ उरला आहे.

खांब कुठे उभा आहे हे ओळखायला डोकी मोजावीत. बोलणारा आणि ऐकणारा सोडून तिसऱ्याविषयी वाक्य असेल आणि तो तिसरा एकटाच असेल, तर ‘एस’ लावायचा. मराठी माणसाची फसगत होते ती आदरार्थी बहुवचनात. ‘वडील शेतात जातात’, ‘डॉक्टर दहाला येतात’ ही मराठी वाक्ये अनेकवचनी दिसतात, म्हणून ‘माय फादर गो’, ‘द डॉक्टर कम’ असे निघून जाते. इंग्रजीत आदर क्रियापदात दाखवत नाहीत. वडील एक, डॉक्टर एक, म्हणून :

माय फादर गोझ टू द फार्म.
द डॉक्टर कम्झ ॲट टेन.

आणखी एक खूण अनेक ठिकाणी उपयोगी पडते. इंग्रजीत बहुतेक नामांचे अनेकवचनही ‘एस’नेच होते. त्यामुळे नाम आणि क्रियापद या दोघांत मिळून बहुधा एकच ‘एस’ असतो. नामावर असेल तर क्रियापदावर नाही, क्रियापदावर असेल तर नामावर नाही.

द फार्मर सेल्झ ओनियन्झ. शेतकरी कांदे विकतो.
द फार्मर्झ सेल ओनियन्झ. शेतकरी कांदे विकतात.

इथे पाहायचे ते कर्त्याकडे. ‘ओनियन्झ’ हे कर्म आहे. त्याचा ‘एस’ हिशेबात धरायचा नाही. ‘चिल्ड्रन’, ‘पीपल’ ही अनेकवचने ‘एस’शिवाय होतात, पण ती अनेकवचनेच आहेत : ‘द चिल्ड्रन प्ले’. उलट ‘एव्हरीबडी’ म्हणजे ‘प्रत्येक जण’, म्हणून एकवचन : ‘एव्हरीबडी नोझ’.

४. लिहिताना आणि बोलताना ‘एस’

लिहिण्याचे नियम थोडे आहेत. बहुतेक क्रियापदांना नुसता एस लागतो : वर्क्स, रन्झ, सेल्झ. क्रियापदाचा शेवट एस, एक्स, झेड, सीएच किंवा एसएच या अक्षरांनी होत असेल, तर ईएस लागते : पासिझ, वॉचिझ, वॉशिझ. ‘गो’ आणि ‘डू’ यांनाही ईएस लागते : गोझ, डझ. शेवटी वाय असेल आणि त्याआधी व्यंजन असेल, तर वाय जाऊन आयईएस येते : स्टडी, स्टडीझ, कॅरी, कॅरीझ. वायच्या आधी स्वर असेल तर वाय जागेवर राहतो : प्ले, प्लेझ. ‘हॅव’ मात्र नियम मोडते. त्याचे रूप ‘हॅझ’ होते.

उच्चाराचा नियम शाळेत संधी शिकलेल्या कुणालाही सहज समजेल, कारण तो कठोर आणि मृदू व्यंजनांवर उभा आहे. क्रियापदाच्या शेवटी कठोर ध्वनी असेल, म्हणजे क, ट, प, फ यांसारखा, तर एसचा उच्चार ‘स’ होतो : वर्क्स, वेट्स, स्टॉप्स, लाफ्स. शेवटी मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘झ’ होतो : डिग्झ, रन्झ, गिव्ह्झ, प्लेझ. शेवटी स, झ, श, च, ज यांपैकी ध्वनी असेल तर एस नुसता जोडता येत नाही, जीभ अडते; मग मध्ये ‘इ’ येऊन ‘इझ’ होते : पासिझ, वॉशिझ, वॉचिझ. दोन उच्चार वेगळे लक्षात ठेवावे लागतात. ‘डू’चे ‘डूझ’ होत नाही, ‘डझ’ होते. ‘से’चे ‘सेइझ’ होत नाही, ऱ्हस्व ‘सेझ’ होते.

५. ‘आहे’चे घर वेगळे

‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाला इंग्रजीत तीन रूपे आहेत : ‘आय’साठी ‘ॲम’, एकवचनी तिसऱ्यासाठी ‘इझ’, बाकी सर्वांसाठी ‘आर’. ‘मी शिक्षिका आहे’ म्हणजे ‘आय ॲम अ टीचर’. ‘द्राक्षे गोड आहेत’ म्हणजे ‘द ग्रेप्स आर स्वीट’.

‘जात आहे’ या मराठी रूपात ‘जा’ आणि ‘आहे’ शेजारी बसतात. ती सवय ‘आय ॲम गो’, ‘शी इझ वर्क’ अशा वाक्यांत उतरते. इंग्रजीत ॲम, इझ, आर यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येत नाही. नोकरीवर जाणे हा नेम सांगायचा असेल, तर ‘आहे’ला बोलावूच नये : ‘आय गो’, ‘शी वर्क्स’.

‘जवळ असणे’ याला मराठी तीन वाटा वापरते : ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘तिचे दुकान आहे’. इंग्रजीत या तिन्ही वाटा ‘हॅव’पाशी येतात आणि ‘ज्याचे आहे’ तो कर्ता होतो :

आय हॅव टू ब्रदर्झ.
आय हॅव अ कार.
शी हॅझ अ शॉप.

६. नकार : ‘नाहीस’मध्ये दडलेला नियम

‘मी जातो’चा नकार ‘मी जातो नाही’ असा कुणी करत नाही. शेवटचा भाग गळतो, नुसते ‘जात’ उरते आणि पुरुष-वचन सांगायचे काम ‘नाही’कडे जाते :

तू जातोस. तू जात नाहीस.
ते जातात. ते जात नाहीत.

‘जातोस’मधला ‘स’ उचलून ‘नाहीस’वर बसला. ‘जातात’चे अनेकवचन ‘नाहीत’मध्ये गेले. ‘तू जातोस नाहीस’ असे लहान मूलही म्हणत नाही. खूण एकदाच करायची आणि ती नकाराच्या शब्दावर करायची, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

इंग्रजीत हेच घडते. नकारासाठी ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद येते आणि ‘डू नॉट’ होते. कर्ता एकटा तिसरा असेल, तर ‘एस’ मुख्य क्रियापदावरून उठून ‘डू’वर बसतो, ‘डू’चे ‘डझ’ होते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते :

दे गो. दे डू नॉट गो.
ही गोझ. ही डझ नॉट गो.
शी हॅझ अ कार. शी डझ नॉट हॅव अ कार.

‘ही डझ नॉट गोझ’ हे वाक्य म्हणजे ‘तू जातोस नाहीस’. एवढे एकदा कानाला जाणवले की ती चूक पुन्हा होणे कठीण. उलट बाजूची चूक म्हणजे ‘ही डोन्ट नो’. तिथे ‘एस’ कुठेच बसलेला नाही. बरोबर वाक्य ‘ही डझन्ट नो’.

‘असणे’च्या रूपांना ‘डू’ लागत नाही. त्यांच्यापुढे थेट ‘नॉट’ येते : ‘द ग्रेप्स आर नॉट स्वीट’.

‘कधीच’ या शब्दापाशी मराठी आणि इंग्रजी वेगळ्या होतात. मराठीत ‘तो कधीच उशिरा येत नाही’ असे ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही लागतात. इंग्रजी ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ आहे. म्हणून ‘ही नेव्हर कम्झ लेट’ एवढेच पुरते. ‘डू’ येत नाही आणि त्यामुळे ‘एस’ क्रियापदावरच राहतो.

७. प्रश्न : मागचा ‘का’ पुढे येतो

‘तू नाशिकला राहतोस.’ याचा प्रश्न करायला मराठीत शेवटी ‘का’ जोडला की झाले. इंग्रजीत प्रश्नाची खूण वाक्याच्या तोंडाशी लागते, आणि ती खूण म्हणजे पुन्हा ‘डू’ :

यू लिव्ह इन नाशिक. डू यू लिव्ह इन नाशिक?
शी लिव्ह्झ इन नाशिक. डझ शी लिव्ह इन नाशिक?

‘एस’चा प्रवास नकारातल्यासारखाच आहे; ‘डझ’ आला की ‘लिव्ह्झ’चे ‘लिव्ह’ होते. उत्तरही ‘डू’नेच देतात : ‘यस, आय डू’, ‘नो, शी डझन्ट’.

‘कुठे’, ‘केव्हा’, ‘का’, ‘काय’ असे प्रश्नशब्द आले की मराठीत शेवटच्या ‘का’ची गरज उरत नाही. म्हणून ‘तू कुठे राहतोस?’चे भाषांतर ‘व्हेअर यू लिव्ह?’ असे होऊन जाते. इंग्रजीत प्रश्नशब्द आला तरी ‘डू’ हवाच : ‘व्हेअर डू यू लिव्ह?’, ‘व्हेन डझ द मार्केट ओपन?’. अपवाद एकच. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर ‘डू’ लागत नाही : ‘हू सेल्झ ओनियन्झ हिअर?’ म्हणजे ‘इथे कांदे कोण विकतो?’

‘असणे’ची रूपे प्रश्नातही स्वतंत्र वागतात. तीच पुढे सरकतात : ‘आर द ग्रेप्स स्वीट?’

८. हा काळ कशासाठी वापरतात?

‘वर्तमान’ या नावामुळे हा काळ ‘आत्ता’विषयी असावा असे वाटते. मराठी माणसाच्या उरलेल्या निम्म्या चुका या समजुतीतून येतात. एका वाक्यावरून खरी गोष्ट कळते :

द कुंभमेळा कम्झ टू नाशिक एव्हरी ट्वेल्व्ह यिअर्झ.
नाशिकला दर बारा वर्षांनी कुंभमेळा भरतो.

नाशिकचा सिंहस्थ २००३ साली झाला आणि २०१५ साली झाला. मधल्या २००९ साली रामकुंडावर कुंभमेळा चालू नव्हता, तरी हे वाक्य त्या वर्षीही खरेच होते. इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ घटना चालू आहे की नाही हे सांगत नाही. तो नेम सांगतो : असे असते, असे होत असते. त्याचे बहुतेक उपयोग या एका अर्थातून फुटतात.

सवय आणि रोजचा क्रम. ‘शी ड्रिंक्स टी ॲट फाइव्ह.’ ती पाचला चहा घेते. इथे ‘ऑल्वेझ’, ‘यूझुअली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्झ’, ‘नेव्हर’ असे किती वेळा हे सांगणारे शब्द येतात. त्यांची नेहमीची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी आणि ‘असणे’च्या रूपानंतर असते : ‘शी ऑल्वेझ ड्रिंक्स टी’, पण ‘शी इझ ऑल्वेझ ऑन टाइम’.

कायमचे सत्य. ‘द गोदावरी राइझिझ निअर त्र्यंबकेश्वर अँड फ्लोझ इन्टू द बे ऑफ बेंगॉल.’ गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. विज्ञानाचे नियम, भूगोल आणि म्हणी याच काळात असतात. मराठी म्हणीत तर वर्तमानाचे जुने रूप अजून टिकून आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ मधले ‘साचे’ म्हणजे ‘साचते’, ‘दाम करी काम’ मधले ‘करी’ म्हणजे ‘करतो’. ही जुनी रूपे एरवीच्या बोलण्यातून गेली, पण नेम सांगणाऱ्या म्हणींत राहिली.

मनाची स्थिती. आवडणे, माहीत असणे, समजणे, हवे असणे, आठवणे यांना इंग्रजीत लाइक, नो, अंडरस्टँड, वॉन्ट, रिमेंबर म्हणतात. मराठी वाक्यात इथे माणूस ‘ला’ घेऊन बाजूला बसतो आणि क्रियापद वस्तूच्या मागे जाते : ‘आईला आंबा आवडतो’, ‘आईला द्राक्षे आवडतात’. इंग्रजीत माणूस हाच कर्ता असतो. द्राक्षे कितीही असली तरी आई एकच, म्हणून ‘मदर लाइक्स ग्रेप्स’. या क्रियापदांना सहसा आयएनजीचे रूप, म्हणजे चालू क्रिया दाखवणारे ‘गोइंग’सारखे रूप, देत नाहीत. ‘आय ॲम नोइंग हिम’ हे ‘मला तो माहीत आहे’मधल्या ‘आहे’चे ओझे आहे, बरोबर वाक्य ‘आय नो हिम’.

वेळापत्रक. ‘द पंचवटी एक्स्प्रेस रन्झ बिट्वीन मनमाड अँड मुंबई.’ गाडी, शाळा, चित्रपट, बैठक यांची ठरलेली वेळ पुढची असली तरी हा काळ चालतो, कारण वेळापत्रक हाही एक नेमच आहे : ‘द बस लीव्ह्झ ॲट सिक्स टुमॉरो’.

‘तर’चे वाक्य. इथे दोन्ही भाषा भविष्याला बगल देतात, पण वेगवेगळ्या दिशांनी. काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की द्राक्षाचे मणी तडकतात, ही नाशिकच्या बागायतदाराची कायमची धास्ती. तो म्हणतो, ‘पाऊस पडला तर मणी तडकतील.’ पाऊस अजून पडलेला नाही, तरी मराठीने ‘पडला’ हे भूतकाळाचे रूप घेतले. इंग्रजी त्याच जागी साधा वर्तमानकाळ घेते :

इफ इट रेन्झ, द बेरीझ विल क्रॅक.

‘इफ इट विल रेन’ म्हणत नाहीत. ‘व्हेन’, ‘अंटिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ यांनी सुरू होणाऱ्या वेळदर्शक भागालाही हाच नियम : ‘मामा येईल तेव्हा सांगेन’ म्हणजे ‘आय विल टेल यू व्हेन अंकल कम्झ’.

९. ‘काय करतोस?’चे दोन अर्थ

फोनवर मित्र विचारतो, ‘काय करतोस?’ उत्तर येते, ‘जेवतोय.’ लग्नात नवी ओळख झालेले काका विचारतात, ‘काय करतोस?’ उत्तर येते, ‘सातपूरला कंपनीत आहे.’ शब्द तेच, प्रश्न दोन. मराठी ‘करतोस’ आत्ताची क्रियाही सांगते आणि नेहमीचा व्यवसायही. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंग ठरवतो. इंग्रजीत ही दोन कामे दोन काळांत वाटलेली आहेत :

व्हॉट आर यू डूइंग? आत्ता काय चालले आहे?
व्हॉट डू यू डू? व्यवसाय काय?

म्हणून साधा वर्तमानकाळ वापरण्याआधी मराठी वाक्याला एक कसोटी लावावी. ‘जातो’च्या जागी ‘जात असतो’ ठेवून पाहावे. मराठी व्याकरणात त्याला रीति वर्तमानकाळ म्हणतात. अर्थ तोच राहिला तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ घ्यावा. ‘जात आहे’ किंवा ‘जातोय’ जास्त बसत असेल तर आयएनजीचे रूप घ्यावे. ‘आजी आठला जेवते’ म्हणजे ‘जेवत असते’, म्हणून ‘ग्रँडमदर ईट्स ॲट एट’. ‘थांब, आजी जेवते आहे’ म्हणजे ‘वेट, ग्रँडमदर इझ ईटिंग’. स्थितीच्या क्रियापदांना मात्र ही कसोटी लावायची नाही. ती साध्या वर्तमानातच राहतात.

मराठी ‘जातो’ आणखी एक काम करतो. तो जवळचे भविष्य सांगतो. ‘मी उद्या पुण्याला जातो’ हा झालेला बेत आहे, नेम नव्हे. इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो’. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, ही मराठी रीत. त्या ‘येतो’चे ‘आय कम’ केले तर ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही. तिथे ‘आय ॲम लीव्हिंग’ किंवा ‘सी यू’ म्हणतात.

१०. एक उतारा, उकलून

दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलाला घरच्या बागेविषयी इंग्रजीत सांगायचे आहे. त्याचे मराठी मनात असे आहे : ‘बाबा दिंडोरीजवळ द्राक्षे पिकवतात. ते वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. हिशेब आई ठेवते. ती आठवणीवर विसंबत नाही, सगळे लिहून ठेवते. बाबांना पाऊस आवडतो, पण काढणीच्या वेळी नाही.’

पहिल्या प्रयत्नात तो लिहितो : ‘माय फादर ग्रो ग्रेप्स निअर दिंडोरी. ही प्रून द व्हाइन्झ ट्वाइस अ यिअर. माय मदर इझ कीप द अकाउंट्स. शी डझ नॉट ट्रस्ट्स हर मेमरी. माय फादर इझ लाइकिंग रेन, बट नॉट ॲट हार्व्हेस्ट.’

पाच वाक्ये, पाच चुका, आणि प्रत्येकीचे मूळ मराठीत सापडते. ‘पिकवतात’ आणि ‘करतात’ हे आदरार्थी बहुवचन होते. बाबा एकच, म्हणून ‘ग्रोझ’ आणि ‘प्रून्झ’. ‘इझ कीप’मध्ये ‘आहे’ विनाकारण आला. हिशेब ठेवणे हा नेम, म्हणून ‘कीप्स’. ‘डझ नॉट ट्रस्ट्स’मध्ये ‘एस’ दोन जागी बसला. ‘डझ’वर तो आहेच, म्हणून ‘ट्रस्ट’. ‘आवडतो’ ही मनाची स्थिती, म्हणून आयएनजी नको आणि बाबा कर्ता, म्हणून ‘लाइक्स’. पहिल्या प्रयत्नात राहून गेलेले छाटणीचे महिने आणि ‘सगळे लिहून ठेवते’ हे वाक्य घालून दुरुस्त उतारा असा होतो :

माय फादर ग्रोझ ग्रेप्स निअर दिंडोरी. ही प्रून्झ द व्हाइन्झ ट्वाइस अ यिअर, इन एप्रिल अँड इन ऑक्टोबर. माय मदर कीप्स द अकाउंट्स. शी डझ नॉट ट्रस्ट हर मेमरी. शी राइट्स एव्हरीथिंग डाउन. माय फादर लाइक्स रेन, बट नॉट ॲट हार्व्हेस्ट.

स्वतःचे वाक्य तपासताना तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. सांगायचे ते नेमाचे आहे की आत्ताचे? नेमाचे असेल, तर कर्ता एकटा तिसरा आहे का? आणि असेल, तर ‘एस’ एकाच जागी आहे ना : ‘डू’ आला असेल तर ‘डू’वर, नसेल तर मुख्य क्रियापदावर?